कार्ड बंद करायचं नाही

"मागच्या दाराकडं तू बघ, पुढचं दार माझ्याकडं," अक्का म्हणाली आणि ट्रामचा मधला दांडा धरून उभी राहिली.

बसायला जागा होती. चिक्कार होती. पण बसेल तर ती अक्का कसली. मशीनपासून हातभर अंतरावर उभं राहायचं, हे तिनं ठरवूनच टाकलं होतं. पिवळं, जेवणाच्या डब्याएवढं मशीन, दांड्यालाच बसवलेलं. लोक चढायचे, कार्ड टेकवायचे, मशीन एकदा 'टुंक' करायचं की झालं तिकीट. कागद नाही, कंडक्टर नाही, सुट्ट्या पैशांवरून हुज्जत नाही. चढणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडं अक्का अशी टक लावून बघायची की बिचारी माणसं उगीच खिसे चाचपायला लागायची.

दाजी खिडकीशी बसलेले. मांडीवर फोन, फोनवर दोन्ही हात. बाहेर एवढं देखणं शहर, नदी, पूल, चर्चचे मनोरे, पण त्यांनी मान वर करून बघितलं असेल तर शपथ.

युक्ती अक्काचीच होती. अक्काच्या पोरानं, श्रेणिकनं कुठंही कार्ड टेकवलं की बँकेचा मेसेज दाजींच्या फोनवर यायचा, लगोलग. मग आपण त्याच्याच ट्राममध्ये बसायचं. मशीन 'टुंक' झालं आणि इकडं दाजींचा फोन वाजला, की मशीनसमोर जो उभा असेल तो आपला श्रेणिक. दाढी वाढली असेल, वाळला असेल, टोपी घातली असेल, एकदम ओळखू येणार नाही. पण फोन खोटं सांगणार नाही. मला हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खुळ्यासारखं वाटलं होतं. नंतर वाटलं, पोलिसांना जे सुचलं नाही ते हिला सुचलं.

हे सगळं पोलंडमधलं. शहराचं नाव सांगत नाही, एक तर ते माझ्या जिभेवर बसत नाही आणि बसलं तरी मला ते घ्यायचं नाही.

मी सुकुमार चौगुले. जयसिंगपूरला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे माझं. अनंतमती अक्का माझी थोरली बहीण. दाजी, म्हणजे धनपाल मगदूम, साखर कारखान्यात शेतकी अधिकारी होते. उसाच्या फडात उभे राहिले तर दहा माणसांना वेगळं सांगावं लागायचं नाही, एवढा दरारा. बोलणं मात्र मोजकं. त्यांच्याबरोबर मला जावं लागलं ते इंग्रजीपायी. माझं इंग्रजी म्हणजे क्लच, गिअर आणि 'हाऊ मच डिस्काउंट', पण घरात तेवढंही दुसऱ्या कुणाकडं नव्हतं. ज्याच्याकडं होतं, त्यालाच तर शोधायला निघालो होतो.

श्रेणिक त्यांचा एकुलता एक. पुण्यात कंपनीत होता. बरं चाललंय म्हणायचा. मग एकदा घरी आला आणि म्हणाला, नोकरी सोडली, जरा जग बघून येतो. अक्कानं दोन दिवस तोंड फिरवलं आणि तिसऱ्या दिवशी चकल्या तळायला घेतल्या. पोलंडच का, तर त्याचे आजोबा, दाजींचे वडील, कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचे. लढाईच्या काळात पोलंडची निर्वासित माणसं आणून तिथं छावणीत ठेवलेली. आजोबा पोरवयात त्या छावणीत दूध घालायला जायचे. त्या गोऱ्या बायका, त्यांची गाणी, रडणं, सगळं त्यांनी नातवाला शंभरदा सांगितलेलं. पोरगं म्हणालं, ती माणसं आपल्या गावाला आली, मी त्यांच्या गावाला जाऊन येतो.

परदेशात चालणारं कार्ड दाजींनीच बँकेतून काढून दिलं. पैसे तेच भरणार, म्हणून मेसेजही त्यांच्याच नंबरवर. सुरुवातीला सगळी गंमतच होती. दाजी जेवता जेवता फोन बघायचे आणि म्हणायचे, चिरंजीव कॉफी प्याले. चिरंजीवांनी रेल्वेचं तिकीट काढलं. अक्का विचारायची, जेवला का ते बघा आधी.

मग मार्चमध्ये त्याचा फोन लागेना. परत यायच्या तिकिटाची तारीख आली आणि गेली. विमानातून श्रेणिक उतरला नाही. पण मेसेज, मधे काही दिवस थांबले होते तरी, येत होते. आज ट्राम, उद्या किराणा, परवा परत ट्राम. रोज काही ना काही.

बँकेचा मॅनेजर चांगला माणूस. त्यानं दाजींना समोर बसवून सांगितलं, की हे कार्ड बारीक रकमेला पिन विचारतच नाही, नुसतं टेकवलं तरी चालतं, तेव्हा कुणाच्या हातात आहे सांगता येत नाही. चोरीला गेलं असेल. आधी बंद करा. दाजींना ते पटलं. घरी येऊन त्यांनी तसं सांगितलं, मी तिथंच होतो. अक्का भाजी निवडत होती. तिनं हातातली मेथी खाली ठेवली.

"बंद केलं तर तो खाणार काय?"

दाजी म्हणाले, अगं, त्याच्याकडं असेल तर ना.

"त्याच्याकडंच आहे. दुसऱ्या कुणाकडं असतं तर एका दिवसात धुऊन नेलं असतं सगळं. हा बघा कसा जपून खर्च करतोय. ट्राम, पाव, ट्राम, पाव. माझंच पोरगं आहे ते. कशावर तरी रुसलंय, बोलायचं नाही त्याला आपल्याशी, नको बोलू दे. पण उद्या मशीननं त्याला नाही म्हटलं, तर त्याला वाटेल घरच्यांनी तोडून टाकलं. कार्ड बंद करायचं नाही."

कार्ड चालू राहिलं. पैसे संपत आले की दाजी जाऊन भरून यायचे. मॅनेजर बघायचा, मान हलवायचा आणि पावती द्यायचा.

तक्रार तर आम्ही केलीच होती. ती फिरत फिरत तिथल्या पोलिसांपर्यंत गेली. उत्तर आलं, मुलगा सज्ञान आहे, त्याचं कार्ड नियमित वापरात आहे, त्या अर्थी तो शहरात स्वतःच्या मर्जीनं राहतो आहे. मी ते वाचून मराठीत सांगितलं तेव्हा अक्कानं शेजारीपाजारी साखर वाटली. सरकारच म्हणतंय म्हणाली, तो तिथं आहे.

व्हिसा, कागद, बोटांचे ठसे यात जून उजाडला. आम्ही तिघं गेलो.

राहायला एका बाईंच्या घरी दोन खोल्या मिळाल्या. हालिना नाव त्यांचं. सत्तरीच्या आसपास, शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. नवरा नाही, मूलबाळ नाही, एक मांजर. अक्कानं आल्या दिवशी सगळी कथा मला सांगायला लावली आणि मी माझ्या ट्रॅक्टरच्या इंग्रजीत ती सांगितली. हालिनाबाई ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, उद्यापासून मी तुमच्याबरोबर येते. का, कशाला, पैसे किती, काही नाही. अक्का त्यांना पहिल्या दिवसापासून 'बाई' म्हणायला लागली आणि त्या अक्काला 'पानी' म्हणायच्या. त्यांच्यात बाईमाणसाला तसंच म्हणतात. अक्काला वाटायचं त्यांना सारखी तहान लागते, ती तांब्या घेऊन जायची. त्या दिवसांत आम्ही हसलो असू तर तेवढंच.

दाजींनी त्यांच्यासमोर फोन धरला. सगळे मेसेज, सगळी दुकानांची नावं. हालिनाबाई चष्मा लावून एकेक सांगू लागल्या. हे ट्रामचं. हे बेकरीचं. हे औषधाचं. एका नावाशी त्या थबकल्या. ते सारखं सारखं येत होतं. त्यांनी आमच्याकडं बघितलं. आम्ही कांदा-लसूणसुद्धा खात नाही, हे त्यांना स्वयंपाकघरात कळून चुकलेलं होतं.

"हे डुकराच्या मांसाचं दुकान आहे," त्या म्हणाल्या. "आणि हे दारूचं."

मी दाजींकडं बघितलं, दाजींनी खाली बघितलं. आमच्या घरात अंधार पडल्यावर कुणी घास खात नाही, पाणी गाळून पितात. श्रेणिक लहानपणी वाटेत मुंगी दिसली तर उडी मारून जायचा. अक्का विचारत राहिली, काय म्हणतात बाई, काय म्हणतात. सांगणं भाग होतं. मी सांगितलं.

मला स्वच्छ कळलं होतं की हा श्रेणिक नव्हे. दाजींनाही कळलं असावं. आता हिलाही कळणार, आणि इथंच, या परक्या बाईच्या टेबलाशी ही कोसळणार.

"खाऊ दे," अक्का म्हणाली. "थंडीचा मुलूख आहे. जिवंत राहायला खाल्लं असेल. पिऊ दे प्यायचं असेल तर. मी काही म्हणणार नाही त्याला. घरी आल्यावर प्रायश्चित्त घेऊ, मी घेईन त्याच्या वाटचं. जिवंत आहे ना? मग खाऊ दे."

हालिनाबाईंनी मला विचारलं, काय म्हणाली ती. मी उठून बाहेर गेलो.

ते मांसाचं दुकान ज्या थांब्याजवळ होतं, तिथून सकाळी कुणीतरी रोज ट्राम धरत होतं. मेसेजच्या वेळा तसंच सांगत होत्या. म्हणून आम्हीही सकाळी तीच ट्राम धरायला लागलो. शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं, परत यायचं, पुन्हा जायचं. दाजींकडं वेगळं कार्ड होतं, ते आमच्या तिकिटांना. पहिल्या दिवशी फोन वाजला, पण आम्ही होतो मागच्या ट्राममध्ये. दुसऱ्या दिवशी वाजलाच नाही आणि अक्काला दिवसभर अन्न गोड लागलं नाही. बरं नसेल का त्याला, हेच एक. तिसऱ्या दिवशी ट्रामला एवढी गर्दी की मशीन दिसेना.

चौथा दिवस रविवारचा. ट्राम रिकामी. त्या थांब्यावर पाच-सहा माणसं चढली. एका पोरीनं कार्ड टेकवलं. टुंक. फोन गप्प. एका गृहस्थांनी टेकवलं. टुंक. फोन गप्प. मग एकजण सावकाश, दांड्याला धरून चढला. टुंक.

दाजींच्या मांडीवर फोन वाजला.

अक्का मशीनला लागूनच उभी होती. त्या माणसाचा हात अजून मशीनवर होता. साठीचा म्हातारा. लालसर नाक, पांढरी दाढी, पायात वेगवेगळ्या जोडांतले बूट. आणि अंगात निळं जाकीट, जूनच्या उन्हात. ते जाकीट अक्कानं कोल्हापुरात घेऊन दिलेलं, दुकानदाराशी तासभर घासाघीस करून.

मला वाटलं ती किंचाळेल, किंवा त्याची गचांडी धरेल. तिनं त्याच्या बाहीला हात लावला. नुसता लावला. बाहीवरून खाली मनगटापर्यंत नेला. म्हातारा घाबरून मागं सरकला आणि त्यानं लगेच कार्ड पुढं केलं. कुणी मागितलं नव्हतं, आपणहून. एवढे दिवस या क्षणाचीच वाट बघत असल्यासारखं त्यानं ते अक्काच्या तळहातावर ठेवलं आणि दोन्ही हात वर केले.

पुढच्या थांब्यावर आम्ही सगळे उतरलो. हालिनाबाई त्याला धरून होत्या. बाकावर बसवलं त्याला. त्याच्या तोंडाला वास येत होता, पण बोलत होता तो धड. मारेक त्याचं नाव. घर नाही. नदीकाठच्या एका बागेत झोपायचा. तिथं बाकावर हिवाळ्याच्या शेवटी एक काळा मुलगा येऊन बसायला लागला. बोलायचा नाही. विचारलं तरी नाही. डोळे उघडे, पण इथं नसल्यासारखा. पाठीवर पिशवी नाही, काही नाही. एका संध्याकाळी मारेकला हुडहुडी भरली होती, तर त्या मुलानं अंगातलं जाकीट काढलं, याच्या अंगावर घातलं आणि चालू लागला. याला वाटलं, येईल परत. उद्या येईल. तो आला नाही. आतल्या खिशात कार्ड आहे हे याला बऱ्याच दिवसांनी कळलं.

"मी त्याला शोधलं," मारेक म्हणाला. हालिनाबाई इंग्रजीत सांगत होत्या, मी मराठीत. "खूप शोधलं. मग भूक लागली. टेकवून बघितलं. चाललं. मला वाटलं, उद्या बंद पडेल. रोज वाटायचं, आज बंद पडेल. पडलंच नाही."

अक्कानं विचारलं, तेव्हा त्याच्या अंगात आणखी काय होतं? गरम काही होतं का? मारेक म्हणाला, सदरा होता.

पोलिसांत गेलो. मारेकही आला, न पळता. तिथल्या अधिकाऱ्याला इंग्रजी येत होतं. तरुणच होता, श्रेणिकपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असेल. त्यानं आधी सगळं ऐकलं, मग संगणकात बघितलं, मग म्हणाला, आईंना थोडा वेळ बाहेर बसवाल का. अक्का बसायला तयार नव्हती. हालिनाबाईंनी तिला हाताला धरून नेलं. दार लावलं गेलं. आत मी आणि दाजी.

तो एक फाइल घेऊन आला. फोटो दाखवला. डोळे मिटलेले, गाल बसलेले, दाढी. दाजींनी बघितलं आणि फोटो उलटा करून टेबलावर ठेवला. एवढंच. मला विचारायचीसुद्धा गरज पडली नाही.

मग त्या पोरानं सांगितलं, हळू, माझ्यासारख्याला कळेल असं. एप्रिलच्या शेवटी स्टेशनच्या मागं एक तरुण तापानं फणफणलेला सापडला. कागद नाहीत, फोन नाही. नाव विचारलं तर बोलेना. हॉस्पिटलात ठेवलं. न्यूमोनिया. जवळजवळ महिनाभर होता तिथं. मधे बरा व्हायला लागला होता, उठून बसायचा. नर्सनी लिहून ठेवलं होतं की ताटातलं मांस बाजूला काढून ठेवतो आणि उजेड असेल तेवढाच वेळ जेवतो. मग परत बिघडलं. गेला. नगरपालिकेनं पुरलं.

"हॉस्पिटलनं आम्हाला विचारलं होतं," तो म्हणाला, "असा कुणी हरवलेला नोंदवला आहे का. आम्ही उघड्या तक्रारी बघितल्या. तुमची त्यात नव्हती. ती बंद झालेली. कार्ड वापरात होतं ना."

मी मनातल्या मनात तारखा जुळवल्या. श्रेणिक त्या खाटेवर उठून बसत होता, उजेडात जेवत होता, तेव्हा अक्का इकडं दाजींना बँकेत धाडत होती, कार्डात पैसे भरून या म्हणून.

तो पोरगा विचारायला नको होतं ते विचारून बसला. राग नव्हता त्याच्या बोलण्यात, उलट कळवळूनच विचारलं त्यानं. "तुम्ही कार्ड बंद का केलं नाही? बंद झालेलं कळलं असतं तर आम्ही शोधायला लागलो असतो."

मी तोंड उघडलं. दाजींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. दाजींना इंग्रजी येत नाही असं मी समजत होतो. बोलता येत नव्हतं, पण कळत सगळं होतं.

"माय मिस्टेक," दाजी म्हणाले. "आय फरगॉट."

अधिकाऱ्यानं मान खाली घातली. दाजी माझ्याकडं वळले आणि मराठीत म्हणाले, "सुकुमार, हे तिच्या कानावर जाता कामा नये. कधीच. तिला सांगायचं, जाकीट दिलं त्याच रात्री ताप आला आणि दोन दिवसांत गेला. आपण काहीही केलं असतं तरी हाती लागला नसता. हे असंच झालंय. आजपासून तूसुद्धा असंच झालंय म्हणायचं."

मी हो म्हटलं.

बाहेर अक्का बाकावर बसली होती. तिनं आमच्याकडं बघितलं आणि तिला कळलं. सांगावं लागलं नाही. मी बाकीचं सांगितलं, दाजींनी ठरवलेलं. दोन दिवसांत गेला. मांसाचं तेवढं खरं सांगितलं, की त्यानं शेवटपर्यंत तोंडाला लावलं नाही, दिवसाउजेडीच जेवला. तेव्हा ती रडली. आधी नाही, तेव्हा. माझं पोर उपाशी राहिलं असणार म्हणाली, आणि मीच म्हणत होते खाऊ दे, खाऊ दे.

मारेकला त्यांनी बसवून ठेवलं होतं. त्याच्यावर तक्रार करायची का, असं विचारलं. अक्का नको म्हणाली. पुरावा म्हणून जाकीट लागेल म्हणाले, तर तेही तिनं देऊ दिलं नाही. त्यानं स्वतःच्या हातानं घातलंय त्याला, मी कशी काढू म्हणाली. हालिनाबाईंनी बराच वाद घातला तेव्हा पोलिसांनी जाकिटाचा फोटो काढून घेतला आणि म्हाताऱ्याला सोडलं. जाताना तो अक्कासमोर वाकला, तिचा हात कपाळाला लावला. अक्कानं हात काढून घेतला नाही, पण त्याच्याकडं बघितलंही नाही.

दफनभूमीत नंबराचा खांब होता, नाव नव्हतं. आमच्यात दहन करतात. काढून न्यायचं तर कागदांचा डोंगर होता आणि दाजी नको म्हणाले. झालं ते झालं, हलवायचं नाही त्याला. अक्का मातीवर बसून णमोकार म्हणत राहिली. ऊन होतं, पक्षी ओरडत होते, आणि मला त्या देशाचा इतका राग आला होता की काय सांगू. पण राग कुणावर धरावा हे कळत नव्हतं. मारेकवर? त्या पोलीस पोरावर? समोर पाठमोऱ्या बसलेल्या माझ्या बहिणीवर?

नावाची पाटी करून घ्यायची होती. तिथल्या कचेरीत कारकून बाईनं विचारलं, नाव काय, जन्म कधी, मृत्यू कधी. अक्का शेजारीच उभी. मृत्यूची तारीख त्या बाईच्या वहीत होती, मे महिना, ती लिहायला लागली. दाजींनी काउंटरवरून हात पुढं करून तिचं पेन धरलं.

"ओन्ली नेम," ते म्हणाले. "नो डेट."

अक्कानं विचारलं, तारीख का नको? दाजी म्हणाले, आपल्यात आत्म्याला तारीख नसते. तिनं मान हलवली. पाटीवर नुसतं नाव आहे. श्रेणिक धनपाल मगदूम, त्यांच्या अक्षरांत.

त्याला आता कितीतरी वर्षं झाली. श्रेणिक तसा का झाला, त्या बाकावर बसून त्याच्या मनात काय चाललं होतं, हे आम्हाला कुणालाच कळलं नाही. पुण्याच्या त्याच्या मित्रांना विचारलं, त्यांनाही माहीत नाही. बरं चाललंय म्हणायचा, एवढंच सगळ्यांना ठाऊक.

अक्काचं आता वय झालं. डोळ्यांना कमी दिसतं. पण कुणी भेटायला आलं, नवं माणूस असलं, की ती सगळं पहिल्यापासून सांगते. मागच्या महिन्यात माझी सून तिच्या भावजयीला घेऊन गेली होती, तेव्हा मीही होतो. दाजी आरामखुर्चीत. अक्कानं ट्राम सांगितली, मशीन सांगितलं, बाई सांगितल्या. आणि मग नेहमीसारखी दाजींकडं वळली. हे ती दरवेळी सांगते आणि हे सांगताना तिचा आवाज जरा ताठ होतो. एवढ्या सगळ्यात तिच्या हाती लागलेलं तेवढंच आहे.

"यांचं ऐकलं असतं ना, तर आम्हाला पोराचा पत्ताच लागला नसता," ती म्हणाली. "हे निघाले होते कार्ड बंद करायला. बँकेचा साहेबसुद्धा यांच्याच बाजूनं. मी एकटी आडवी पडले. कार्ड चालू राहिलं म्हणून तो म्हातारा सापडला, आणि म्हातारा सापडला म्हणून माझा श्रेणू सापडला. नाहीतर आयुष्यभर दाराकडं डोळे लावून बसलो असतो. काय हो, खरं की नाही?"

पाहुण्या बाईनं डोळे पुसले आणि म्हणाली, आईचं काळीज ते.

मी दाजींकडं बघितलं नाही. बघायचं मी केव्हाच सोडून दिलं आहे.

"होय," दाजी म्हणाले. "हिचंच बरोबर होतं."